दोनशे बारावा भाग

आठवडाभर टीव्ही ओरडत होता,
महाअंतिम भाग, रविवारी, रात्री नऊ.
मी शनिवारीच पिको-फॉलच्या साड्या देऊन टाकल्या.
कौतिकाबाईनं भाकरी दिवसाउजेडीच थापल्या.
सळईच्या कारखान्यातून आलेल्या माणसांना
त्या रात्री गल्लीत कुणी गरम वाढलं नाही.

टीव्ही तसा लक्कडकोटात घरोघर आहे,
पण राणी बघायची ती नसीमभाभीकडंच.
तिचा पाय प्लास्टरमधी, दीड महिना झाला.
सोबत म्हणून जायचो, मग सवयच पडली
बारा बायकांना एका हुंदक्यात रडायची.

तर राणी.
राणीच्या महालात कारंजं, कारंज्यात पाकळ्या.
पहिल्याच भागात तिनं अंघोळ केली
चांगली चार मिनिटं, जाहिराती सोडून.
तेव्हा गयाबाई म्हणली होती,
"हिच्या राज्यात नळ रोज येतो वाटतं."
आमच्याकडं दहाव्या दिवशी.
कधी अकराव्या. रात्री दोनला, तीनला,
देविदास व्हॉल्ववाल्याच्या मनाला येईल तेव्हा.

दोनशे अकरा भाग काढले आम्ही.
जहर, दोन बाळंतपणं, एक खोटा भाऊ,
फितूर प्रधान, ज्याला बोर्डेबाई
स्वतःच्या जावयाच्या नावानं शिव्या देते.
आणि मागं ती दासी, दिवा धरून.
एक वाक्य नाही तिला इतक्या दिवसांत.
मला तिचंच पडलेलं.
राजा रुसो, राज्य बुडो,
ही आपली वाऱ्याला हात आडवा लावून उभी.
मी म्हणायचे, शेवटी तरी बोलू देतील.

नऊ वाजून एकवीस मिनिटं.
प्रधानानं पेला पुढं केला.
राणीनं तो ओठाला लावला.
मागून दासी एक पाऊल पुढं आली,
तोंड उघडलं तिनं,
आणि बाहेर पोरगं बोंबललं, "नळ आलाऽऽ!"

कुणी कुणाकडं बघितलं नाही.
राणी तशीच, पेला तसाच.
माझ्या एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात गयाबाईची.
नळ आधी खोकला, मग लाल ओकला,
मग लागली धार.
हंडे, ड्रम, कुकर, बाळाचं टब,
सरतेशेवटी वाट्यासुद्धा.
भाभीचे दोन ड्रम आधी भरले, हे सांगायला पाहिजे.

पाऊण तासानं ओल्या पदरानं परत गेलो
तर टीव्हीवर सिमेंटची जाहिरात.

देविदास सकाळी टपरीवर म्हणला,
"लवकर सोडलं बाई, मलाबी बघायचं होतं घरी जाऊन.
काय लढाई झाली! हत्ती! झेंडे!
पुढचा सीझन दिवाळीला."
दासीचं विचारलं तर म्हणे, कोण दासी?

मी भाभीकडं गेले.
"राणीनं पेला फेकून दिला," ती म्हणाली.
"अन् ती? ती काय बोलली?"
भाभी आपल्या काठोकाठ ड्रमांकडं बघत राहिली.
"क्या की बाई. तुमच्या बारा मोटरी एकदम चालू,
आवाज कुठला ऐकू येतो?
वाढवायला रिमोट पायजे ना,
तो तुझ्या कंबरेला खोसलेला.
नुसतं तोंड हलू राह्यलं तिचं.
लई वेळ हलू राह्यलं."

गल्लीनं आता तिला वाक्यं वाटून दिलीत.
गयाबाई म्हणते, ती म्हणली असंल, पिऊ नका.
बोर्डेबाई म्हणते, छे, पगार मागितला असंल.
कौतिकाबाई म्हणते, दिवा जड झाला, एवढंच.
मी मशीनवर बसले की माझेही ओठ हलतात.
गिऱ्हाईक विचारतं, काय म्हणलात?

पोरगा म्हणतो, मोबाइलवर आहे ना सगळं,
दाखवू का, एका मिनिटाचं तर काम.
मी म्हणलं, दहाव्या दिवशी बघू,
पाणी भरून झाल्यावर, निवांत.

आज अकरावा.