दहापैकी चार

शुक्रवारी पाच अल्बम येतात,
सोमवारपर्यंत पाचांचा निकाल लावायचा.
प्रत्येकी दीडशे शब्द. हल शहरात, गोदीमागच्या खोलीत
हेडफोनच्या गाद्यांना माझ्या कानांचा आकार आलाय.

'सिंथचा धूर फार, जाळ कमी.'
'आवाज छान आहे, तो कुठे ठेवावा हे गायिकेला कळत नाही.'
असली वाक्यं मला चहा गाळता गाळता सुचतात.
त्याचेच पैसे मिळतात.

आज बॉयलर बसला. ग्लिन ऑग्लस्बी आला,
फरशीवर उताणा झोपून
पान्याने पाइपवर दोनदा ठोकलं, थांबला,
तिसऱ्यांदा जरा हळू.
मग आतूनच म्हणाला,
"आमच्या रेकॉर्डवर लिहिलं होतंत तुम्ही.
ड्रमर वेळ पाळतो, वेळ तर पोस्टमनही पाळतो."

मला आठवेना.
वाक्य बरं जमलंय, हे आधी मनात आलं,
लाज मागाहून.

"खोटं नव्हतं ते," हात पुसत तो म्हणाला,
"फक्त माझे वडील पोस्टमन होते.
कात्रण त्यांनीच आणून दिलं. हसले पण."

पैसे मोजून घेतले, पावती दिली.
टेबलावरच्या हेडफोनमधून नवा अल्बम झिरपत होता,
दाराच्या चौकटीवर त्याचा अंगठा
ठोक्याच्या किंचित मागे
पडत राहिला, पूर्ण गाणंभर.

तो गेल्यावर
चार खोडले नाहीत मी.
गाणं पहिल्यापासून लावलं,
नळ सोडला,
गरम पाण्याखाली हात धरून उभी राहिले.