मागचं रीडिंग

तिथली रात्र आमच्याकडे सकाळी येते,
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीच्या आसपास.
वाळवंटातल्या डोंगरावर दुर्बीण मान वळवते
आणि इथे चेंबूरला, विकतच्या चटणीची बरणी सरकवून
मी टेबलावर लॅपटॉप उघडते.

आजच्या आकाशातून कालचं वजा करायचं.
जे जसंच्या तसं आहे ते सगळं पुसलं जातं,
लाखभर तारे, नुसते राखाडी.
उरतो तो ठिपका, ज्याचं काहीतरी बदललं.

अप्पा मागे उभे.
एकतीस वर्षं शिवडी ते परळ विजेचे मीटर वाचलेले.
"म्हणजे चालू रीडिंग वजा मागचं रीडिंग.
एवढ्यासाठी डोंगर चढायचा?"
मग जरा वेळाने,
"आणि बिल कुणाच्या नावे?"

आज तीन ठिपके.
एक उपग्रहाचा ओरखडा, एक कॅमेऱ्याचा दोष.
तिसरा काल नव्हता.

अप्पा कपाळावरचा चष्मा खाली घेतात.
"लगेच लिहू नकोस. मीटर कधीकधी उडी मारतो.
दुसऱ्या दिवशी परत जायचं."
"आणि घर बंद असलं तर?"
"दाराखालून चिठ्ठी सरकवायची."

उद्या तिथे ढग असतील कदाचित.
मी नोंदीत लिहिते: पुन्हा पाहणे.

अप्पा जिन्याखाली गेलेत, आमच्याच मीटरपाशी.
बोटाने काच पुसून आकडा वाचतात,
ओठांतल्या ओठांत वजाबाकी.
मार्चपासून चाळीस युनिट कमी येतात.
वर येऊन ते काही सांगत नाहीत,
मीही विचारत नाही.