जास्वंदीचं अंडं

तीस वर्षं मी कुडतरीत मीटर वाचले,
लोकांच्या व्हरांड्यांत वाकून, आकडे वहीत उतरवत.
आत काय शिजतंय ते नाकाला कळायचं.
विचारायची पद्धत नव्हती.

निवृत्तीनंतरचा हा पहिला एप्रिल.
शिवणकाम करणारी आर्मिंदा कुंपणापाशी आली:
"गोकर्ण देशील? ओंजळभर. अंड्यांना."
देवाची फुलं आहेत, मी म्हणालो.
"मग? हेही देवाचंच," म्हणत तिनं परडी पुढे केली.

फुलांमागोमाग मीही गेलो.

राखेच्या बुधवारपासून जमवलेली कांद्याची सालं
उशीच्या अभ्र्यात ठासून भरलेली.
मडगावच्या बाजारात माळा टांगतात
त्यांच्याखालून वेचून आणलेली, फुकट,
विकणाऱ्या बाईनं वेडी ठरवल्यावरही.
सागाची कोवळी पानं; चुरगाळली की बोटं लाल.
हळद माझ्या डब्यातली.
आणि माडाचा व्हिनेगर, हाताच्या अंदाजानं.
"जास्त पडला तर कवच खातो," ती म्हणाली.
"बुडबुडे दिसले की समज, चुकलं."

अंड्यावर नेच्याचं पान,
विहिरीच्या आतल्या भिंतीवरून काढलेलं.
पानावर पांढरी जाळी, गच्च, मागे दोऱ्याची गाठ.
जाळी कसली?
"वेल," ती म्हणाली.
मी कुंपणाकडे पाहिलं.
"तो नव्हे. नवरीच्या डोक्यावरचा.
रायची मुलगी. माप दिलं, आगाऊ दिले,
न्यायला आलीच नाही.
अकरा वर्षं कपाटात होता. यंदा कात्री लावली."
आणि पुढच्या अंड्याला गाठ मारली.
जुनी सवय. मी मनात टिपून ठेवलं: अकरा.

कांद्यातून विटेचा लाल आला,
सागातून मळकट गुलाबी.
गोकर्णातून निळा, आणि व्हिनेगरचा थेंब उडाला तिथे
जांभळा ठिपका. तिची भाची लिझेट
तेवढ्या ठिपक्यावरच खूश.
हळद गावठी अंड्यावर दिसेचना,
मुळातच तांबूस ते, आणखी काय पिवळं होणार.

फसवलं जास्वंदीनं.
पाणी कसं होतं! ओल्या कुंकवासारखं.
आणि पळीवर आलं ते पाटीसारखं करडं.
"मेलं," लिझेट म्हणाली.
"वाळू दे," आर्मिंदा म्हणाली.
वाळलं. तसंच राहिलं.

जाळ्या सोडल्या तेव्हा
नेच्याची शीर न् शीर उमटलेली,
आणि भोवती, कुणी न सांगता,
बारीक बारीक घरं. त्या मुलीच्या जाळीची.
आर्मिंदानं चष्मा वर केला,
अंगठ्यानं एकदा पुसून पाहिलं.
जाईनात.

गुरुवारपासून इगर्जीची घंटा मुकी होती.
रात्री वाजली. मी जागाच होतो.

सकाळी लिझेट वर्तमानपत्राची पुडी घेऊन आली:
दोदोलचे दोन तुकडे, एक अंडं.
तेच. करडं.
"आंटी म्हणते तुला हेच शोभतं.
मीटरच्या पेटीचा रंग."

खाल्लं नाही.
फळीवर ठेवलं, शेवटच्या वहीशेजारी.
आता चवथ होऊन गेली.
अंडं हलकं झालंय, रंग तेवढाच;
कानाशी हलवलं तर आत
एक खडा फिरतो.

काल आर्मिंदानं विचारलं, वास सुटला का?
नाही म्हटलं.
आणि तिनं काही विचारलेलं नसताना
सांगून टाकलं, की गोकर्णाचं बी
यंदा कुंपणभर टाकलंय.