काखेची गोलाई

मगदूमभाईंच्या शिलाई दुकानाची जाहिरात,
सेलूच्या केबलसाठी, दहा सेकंदांची.
सुईच्या वाय-पोझिशनवर मी ऑसिलेट टाकलं:
उंची चाळीस, वेग सहा.
खालीवर, खालीवर. कीफ्रेम एकही नाही.

स्टुलावरून ते बघत राहिले.
"नक्को. अशी नाही चालत ती.
काखेच्या गोलाईला दबकती,
सरळ बाजूला पळती."

वेगावर जरा रँडम शिंपडलं.
"हे तर हिव भरल्यावानी."

मग ते गप्प.
टेबलाखाली त्यांचा उजवा पाय
आपसूक हलायला लागलेला,
कुठं थांबत, कुठं सुटत.
त्याच्याकडं बघत
मी स्लायडर ओढत गेलो.

तेवढ्यात लाइट गेली.
सेव्ह केलं नव्हतं.

अंधारात फरशीवर चप्पल वाजत होती,
बाही पुरी होईपर्यंत.