आडवं अंतर

नमुना नखाएवढा.
मेणाच्या एका ठिपक्यावर तो चिकटवायचा, जोर न देता.
जोर दिला की स्फटिक वाकतो
आणि आपणच दिलेला बाक
आपण पहाटेपर्यंत मोजत बसतो.

लोकेंद्र पाटीदार तो खालच्या मजल्यावरून घेऊन आला,
देपालपूरहून तूप आणावं तसा, दोन्ही हातांत धरून.
सिलिकॉनवर सिलिकॉन-जर्मेनियमचा थर,
जाडी अंदाजे एकशे चाळीस नॅनोमीटर.
"पक्का बैठा है, मॅडम," म्हणाला,
आणि स्टुलावर बसला
निकाल लागायच्या दिवशी बसतात तसा.

रात्रीचे पावणेदोन.
खंडवा रोडवरचे ट्रक इथवर ऐकू येत नाहीत,
पण यंत्राला कळतात;
म्हणून टेबलाच्या पायांखाली हवेच्या उशा.
एका अंशाचे तीन हजार सहाशे तुकडे करायचे
आणि त्यातले दहा-बारा सांभाळायचे,
एवढंच माझं काम.

सिलिकॉनचं शिखर लगेच सापडलं.
सुईसारखं, आणि इतकं प्रखर
की डिटेक्टर दिपू नये म्हणून
मध्ये तांब्याचा पत्रा सरकवावा लागला.
डावीकडे अर्ध्या अंशावर थराचं शिखर:
बुटकं, जरा पसरट,
दोन्ही अंगांना झालर.
झालर मळकट होती.
तेव्हा मी काही बोलले नाही.

जर्मेनियमचा अणू अंगानं मोठा,
त्याला ऐसपैस बसायची सवय.
पण खालच्यानं घरं आधीच आखून ठेवलेली,
म्हणून तो अंग चोरून बसतो,
रांगेला रांग जुळवून.
आडवं दाबलं की उभं वाढतं.
समोरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढा उंच!

मागच्या मार्गशीर्षात पुण्याला लग्नाला गेले होते.
मांडवात म्हणाले, "मला चक्कर येऊन राहिली."
पाण्याआधी हसू आलं.
ऋजुता म्हणाली, "अगं, येऊन राहिली काय? येतेय म्हण."
मग तिनं मला खुर्ची दिली, लिंबू-सरबत दिलं,
दिवसभर माझं वाक्य पाहुण्यांना ऐकवलं.
प्रेमानंच.
होळकरांच्या दफ्तरात मोडी लिहायला आलेला
आमचा कुणी एक महाशब्दे
इथं उतरला त्याला दोनशे वर्षं झाली.
खाली माळवी, हिंदी. वर आम्ही.
इतक्या वर्षांत किती दाबले गेलो
आणि किती वाढलो, कुणी मोजलंय?

समोरून मोजलं तर फक्त उंची कळते.
आडवं अंतर कळायला तिरकं पाहावं लागतं.
मी नमुना फिरवला, तिरक्या प्रतलांवर आणला,
नकाशा काढायला लावला.
अडीच तास.
लोकेंद्रनं डब्यातला जिरावण पेरूवर भुरभुरवून दिला.
पडद्यावर एकेक ओळ उमटत होती,
निळी, मग हिरवी, मग मध्ये थोडी लाल.

थराचा ठिपका
सिलिकॉनच्या बरोब्बर खाली हवा होता, ओळंब्यात.
तो बाजूला सरकलेला,
आपल्या मूळ घराकडे जाणाऱ्या रेषेच्या दिशेनं.
पोहोचलेला नव्हता.

"कितना?"
"बावीस टक्के सैल."
लोकेंद्र पडद्याजवळ गेला,
बोटानं ठिपका पुसल्यासारखं केलं,
मग रजिस्टर ओढून लिहिलं: फेल.
अक्षर सुंदर आहे त्याचं.

त्याच्या डिव्हाइससाठी फेलच. मी वाद घातला नाही.
पण त्या सांध्यावर आता काय असेल ते मला दिसत होतं:
खालून येणारी एखादी रांग
वर कुणाचाच हात न मिळून तिथंच थांबलेली,
आणि तिच्या वर, दोन्हीकडून थोडं थोडं सरकून,
थरानं घेतलेला एक श्वास.
यंत्र त्याला दोष म्हणतं.
मीही पेपरात दोषच लिहिते.

पाच वाजता बीम बंद केला.
नमुना सोडवायला घेतला
तर मेण थंडीनं दगड झालेलं.
ॲसिटोनचे चार थेंब, मग अजून चार.
"सुटूनच नाही राहिलं," मी म्हणाले.

"हो जाएगा," लोकेंद्र म्हणाला,
आणि त्यानं चिमटा पुढे केला.