अर्थिंगला पाणी

सोळा मशिनी पुण्याहून टेम्पोत आल्या,
कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेल्या,
गाद्यांच्या जुन्या खोळीत गुंडाळून.
पावतीवर होतं : भंगार, नग १६.
बिराजदार मॅडमनी 'भंगार' खोडलं,
वर 'नोड' लिहिलं आणि सही केली.

पहिले चार दिवस नुसती झाडलोट.
पंख्यांच्या पात्यांवर पुण्याची धूळ, करडी, मऊ.
तिच्यावर लातूरची बसायला वेळ लागला नाही.
रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर
खोडरबर घासायचं, शाळेतलंच, गुलाबी, वासाचं,
आणि टक्‌ वाजेस्तोवर परत दाबायची.
आता कुकरचं झाकण लावतानाही
मी त्या टक्‌ची वाट बघते.

रॅक फरशीला चार बोल्टांनी जखडला.
कशाला, असं इथं कुणी विचारलं नाही.
त्र्याण्णव साली मी जन्मलेही नव्हते.
तरी बोल्ट मी दोनदा आवळले.

पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
मुजीब हे तोंडानं म्हणत नाही, त्याची बोटं म्हणतात.
उदगीरला त्याचा बाप मोटारी भरायचा;
पीळ कुठवर उलगडायचा, हे घरातूनच आलेलं.
"अर्धा इंचच मोकळं करा, ताई.
जास्त सुटल्या की तारा
एकमेकीचं चोरून ऐकतात."

बटण दाबायच्या आधी मीटर लावला.
न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात : अकरा व्होल्ट.
मुजीबनं हात मागं घेतला.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अकराच.

शेषेराव मनले, खड्डा वाळलाय.
मीठ हाय, कोळसा हाय, ओल न्हाई.
इमारतीमागं, बोरीखाली, गंजकं झाकण,
आत पाइपाचं उघडं तोंड :
स्विच, केबली, सोळा नोड, मॅडमचा
जमिनीखालच्या थरांचा सगळा हिशोब
शेवटी इथं येऊन टेकणार होता.
आणि नळ सात दिवसांनी. आज पाचवा.

कँटीनच्या प्रयागबाईनं भांड्यांचं दुसरं पाणी
शेळीसाठी झाकून ठेवलं होतं.
"साबणाचं हाय जरा. चालतंय का तुमच्या मशिनीला?"
"जमीन काय चव बघती का?" शेषेराव.
पहिली बादली गेली ती आवाजसुद्धा न करता.
दुसरीला तळातून गुरगुर.
तिसरी मी ओतली, चौथी मुजीबनं, हळूहळू,
जसं कुणी आजाऱ्याच्या तोंडात चमच्यानं घालावं.

दुपारी सात.
चहाच्या वेळेला चार.
दिवेलागणीला एक पूर्णांक आठ,
आणि मुजीबनं बटण दाबलं.

हिरवे दिवे लुकलुकले, पंधरा.
नऊ नंबर हाक देऊनही ओ देईना.
नवा क्रिंप, नवी केबल, पोर्ट बदलला; गप्पच.
रात्री साडेनऊला कळलं :
चिठ्ठ्या शेषेरावांच्या हातच्या,
त्यांच्या एकाला जरा जास्त शेपटी,
त्यांच्या नवाला जरा कमी पोट.
एकाची तार नवाला, नवाची तार
कुठंच नाही, टेबलाखाली, वेटोळं घालून.
शेषेराव हसले नाहीत. म्हणाले,
"माझं अक्षर शाळेपासून असंच."

आता भिंतीवर, पासवर्ड कुणाला सांगू नये
या सूचनेच्या खाली, मॅडमच्या अक्षरात :
सोम, गुरू — अर्थिंगला दोन बादल्या.
शेळीचं पाणी वेगळं.

गुरुवारी प्रयागबाई ओतून आली,
चपला दाराशी काढल्या, आत डोकावली.
थंड हवेत अंग चोरलं, रॅकला वळसा घालून
पाठीमागं गेली, जिथून सोळाही नोड
गरम श्वास सोडत होते,
आणि ओले हात पुढं धरून
तिथंच उभी राहिली, वाळेपर्यंत.