कपाला कान

मंगळवारी दुपारी दोन वाजता
लाँगटनच्या जुन्या चॅपलमध्ये
आम्ही नऊ म्हातारे माती मळतो.
प्रार्थनेचे बाक विकले गेलेत, गारठा तेवढा मागे राहिलाय.
खिडकीतून दिसते बाटलीच्या आकाराची भट्टी,
तिच्या तोंडातून आता धूर नाही, एक झुडूप येतं.

पहिल्या दिवशी फॉर्म होता:
आपल्याला कोणती मदत लागेल?
मोठी अक्षरं, खुणांची भाषा, चाकाची खुर्ची,
सोबतीला माणूस, मध्येच उठून जायची मुभा.
मी लिहिलं, काही नको.
चाळीस वर्षं या गावाचे एक्स-रे काढले मी.
‘श्वास रोखा’ म्हणालो, ‘सोडा’ म्हणालो.
मी काचेच्या पलीकडचा माणूस.

पण माती काही झाकू देत नाही.
उजव्या हाताची थरथर,
जी मी खिशात घालून बाजारात नेतो,
मुलाच्या व्हिडिओ कॉलवर टेबलाखाली ठेवतो,
ती वाडग्याच्या काठावर उमटली,
बारीक, एकसारखी.
ईनिडला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.
तिने काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं,
‘ही नक्षी कशी काढलीस, डक?’
डक म्हणजे बदक. इथे सगळ्यांनाच म्हणतात,
बस-ड्रायव्हरला, डॉक्टरला, गेलेल्या नवऱ्यालाही.
मी म्हणालो, ‘येते आपोआप.’

ईनिड कोलक्लॉ. एकतीस वर्षं कारखान्यात
एकच काम, कप धरायचा तो वाकडा तुकडा चिकटवायचा.
मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत
त्याला कपाचा कान म्हणतात.
ती थांबली. अंगठा मातीतच.
‘म्हणजे मी दिवसाला बाराशे कान लावले?
आणि कारखाना बंद होतोय
हे एकालाही ऐकू आलं नाही?’

शिकवणाऱ्या पोरीने हे हातांनी सांगितलं डेस्मंडला,
जो जन्मापासून बहिरा आहे.
तो हसला. त्याचं हसणं मोठं, फाटकं,
छतापर्यंत जाणारं. इथे त्याला कुणी गप्प करत नाही.
पुढच्या मंगळवारी त्याने पाच कानांचा कप केला.
भट्टीत दोन गळाले.

ग्विनेथ दर वेळी नव्याने येते.
‘हे कुणासाठी करतोय आपण?’ विचारते,
दर वेळी कुणीतरी वेगळं नाव सांगतं.
तिची चिमणी, तिची बशी, तिचं जे काय असेल ते
चार वाजता ती पुन्हा गोळा करून
ओल्या फडक्याखाली ठेवते.
भट्टीत तिचं आजवर काही गेलेलं नाही.
मातीचा तो डबा मात्र, मला वाटतं,
आमच्या सगळ्यांच्या मांडणीपेक्षा भरलेला आहे.

एकदा कान कुठे लावायचा हे शिकवायला
ईनिडने माझ्या हातावर हात ठेवला.
थरथर तिच्या कोपरापर्यंत गेली असणार.
मला चेहरे आठवत नाहीत, हाडं ओळखता येतात.
तिच्या मनगटात एक जुनं मोडलेलं, वाकडं सांधलेलं हाड होतं.
तो एक्स-रे कदाचित मीच काढला असेल,
तिचा हात थंड काचेवर सपाट दाबून,
नावही न वाचता.
विचारायचं होतं. नाही विचारलं.
ती म्हणाली, ‘श्वास रोखू नकोस, डक,
हात ताठतात.’

तो कप माझ्या ओट्यावर आहे.
तळाशी पाझरतो, म्हणून चहा ओतत नाही.
संध्याकाळी भाजी फोडणीला टाकताना
त्याच्याशी मराठीत बोलतो, दुसरं कोण आहे?
कान लावला म्हणजे ऐकू येतंच असं नाही,
हे डेस्मंडने हातवारे करून मला आधीच बजावलंय.
तरी त्याची तोंडाची बाजू भिंतीकडे
आणि कान माझ्याकडे
करून ठेवलाय.